तो बारीक उंचवटा कोणी पाहिला?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत)



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा कार्यकर्त्यांनी विचारलं, “विषय काय लावू?” मी म्हटलं, “औष्णिक विश्लेषण आणि उष्मामापन या क्षेत्रांतल्या तरुण संशोधकांची कदर.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग अत्यंत नम्रपणे प्रश्न आला, “थोडं लहान करता येईल का? फलकावर मावत नाही.” बाहेरच्या फलकावर आज नुसतं ‘उष्णता आणि तरुण’ असं लिहिलेलं आहे. मे महिना आहे. उष्माघातावरचं व्याख्यान समजून कोणी आलं असेल तर त्यांनीही बसावं. पंखे चालू आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांची आठवण काढायची तर सोमवारपासून सुरुवात करावी लागेल. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत कोणीही आपला नमुना यंत्रात घालायचा नाही, असा त्यांचा नियम होता. आधी इंडियमचा तुकडा. इंडियम हा मऊ, चांदीसारखा धातू 156.6 अंश सेल्सिअसला वितळतो आणि वितळताना दर ग्रॅममागे सुमारे 28.5 ज्यूल उष्णता घेतो. या दोन आकड्यांशी यंत्र जुळलं की आमचा आठवडा सुरू व्हायचा. जुळलं नाही तर सोमवार गेला, कधीकधी मंगळवारही. आम्ही पोरं याला ‘सोमवारचा उपास’ म्हणायचो. सरांना ते ठाऊक होतं. ते एवढंच म्हणायचे, उपास करणाऱ्याला गुरुवारी पश्चात्ताप होत नाही.

हे यंत्र करतं काय? स्वयंपाकघरातून सांगतो. घरी लोणी कढवलं की आजी तुपाचं भांडं ओट्यावर तसंच सावकाश निवू द्यायची. तूप रवाळ व्हायचं. तेच तूप घाईघाईनं फ्रिजमध्ये ढकललं तर गुळगुळीत थिजतं, कणी पडत नाही. तूप तेच, स्निग्ध पदार्थ तेच, फक्त निवण्याची चाल बदलली आणि आतली स्फटिकांची मांडणी बदलली. पदार्थाला तापवताना आणि निववताना त्याच्या आत काय घडतं ते मोजून लिहून ठेवणं, म्हणजे औष्णिक विश्लेषण. आणि त्यात उष्णता किती आली, किती गेली याचा चोख हिशेब ठेवणं, म्हणजे उष्मामापन. आजीकडे डोळा होता. आमच्याकडे डीएससी नावाचं हे यंत्र असतं.

ॲल्युमिनियमचे दोन चिमुकले पॅन. एकात पाच-दहा मिलिग्रॅम नमुना, म्हणजे दोन-तीन तिळांच्या वजनाचा. दुसरा रिकामा. दोघांनाही सारख्या चालीनं, मिनिटाला दहा अंश असं तापवत न्यायचं. नमुना वितळू लागला की त्याला शेजाऱ्यापेक्षा जास्त उष्णता लागते. ती किती, एवढंच यंत्र सांगतं. कागदावर एक रेघ उमटते. सपाट, मग एक डोंगर, मग पुन्हा सपाट.

दुसरं यंत्र त्याहून साधं: भट्टीत टांगलेला तराजू. त्याला टीजीए म्हणतात. त्याची बाराखडी कॅल्शियम ऑक्झलेटवर गिरवतात. तापवत गेलं की आधी त्याच्यातलं पाणी जातं, वजनातून 12.3 टक्के. मग कार्बन मोनॉक्साइड, 19.2 टक्के. मग कार्बन डायऑक्साइड, 30.1 टक्के. शेवटी चुना उरतो, 38.4 टक्के. आलेखात जिन्याच्या तीन पायऱ्या दिसतात. ज्याला या तीन पायऱ्या जागच्या जागी आणता येत नाहीत, त्यानं पुढचा जिना चढू नये.

हे सगळं कशासाठी? सिमेंट, प्लास्टिक, स्फोटकं, अणुइंधन, सगळीकडे लागतं. त्यांची यादी वाचत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. रिटोनाविर नावाचं एचआयव्हीवरचं औषध 1996 साली बाजारात आलं. त्याचं एकच स्फटिकरूप तेव्हा माहीत होतं. 1998 मध्ये, उत्पादन चालू असताना, दुसरं रूप अचानक उगवलं. ते कमी विरघळणारं होतं, म्हणजे कॅप्सूल पोटात जाऊनही औषध अंगी लागण्याची पंचाईत. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि औषधाची बांधणी नव्यानं करावी लागली. रेणू तोच होता, मांडणी वेगळी. रवाळ तूप आणि गुळगुळीत तूप. इथे मात्र रुग्णाच्या जिवाशी गाठ होती.

म्हणजे आलेखावरचा एखादा बारीक उंचवटा ही क्षुल्लक गोष्ट नसते. माझा आजचा प्रश्न तेवढाच आहे. तो उंचवटा कोण पाहतं? आणि ज्यानं पाहिला त्याला आपण ओळखतो का?

थोडं मागे जाऊ. 1782-83 चा हिवाळा, पॅरिस. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा कॅलरीमापी बांधला. आत गिनिपिग ठेवला, भोवती बर्फ. दहा तासांत त्या प्राण्याच्या उबेनं 13 औंस बर्फ वितळला. प्राण्याचं श्वसन हे एक प्रकारचं सावकाश जळणंच आहे, हा विचार त्या पाण्याच्या वजनावर उभा राहिला. लाव्हाझिए तेव्हा 39 वर्षांचे होते, लाप्लास 33. त्याआधी वीस वर्षं ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी अप्रकट उष्मा मोजला. बर्फ वितळत असताना उष्णता घेतो, पण त्याचं तापमान वाढत नाही, हे आपल्या सातवी-आठवीच्या पोरांना आज पाठ असतं. ब्लॅक यांचं वय तेव्हा तेहतीसच. आणि गंमत पाहा, ब्लॅक यांनी हे काम रीतसर कधी छापलंच नाही. वर्गात शिकवलं, मंडळापुढे वाचलं, आणि संपलं. त्यांची व्याख्यानं 1803 साली, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, ग्रंथरूपात आली. आज ब्लॅक एखाद्या तरुण संशोधक पुरस्काराला अर्ज करते तर ‘प्रसिद्ध शोधनिबंध’ या रकान्यात अप्रकट उष्म्यापुढे शून्य लिहावं लागलं असतं. अर्ज छाननीतच गळला असता.

मी तारुण्याची आरती ओवाळायला आलेलो नाही, हे मात्र स्पष्ट करतो. जपानमध्ये कोतारो होंडा यांनी 1915 मध्ये औष्णिक तराजू उभा केला तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. रॉबर्ट्स-ऑस्टेन यांचं 1899 चं काम छप्पन्नाव्या वर्षीचं. चांगलं काम करायला वयाचा दाखला लागत नाही. मग तरुणांची वेगळी दखल कशाला? ते रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्याच प्रयोगशाळेत जाऊन पाहू.

लंडनची टांकसाळ. विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन तिथले रसायनज्ञ, सोन्यानाण्यांचे, मिश्रधातूंचे मोठे जाणकार. धातू निवत असताना त्याच्या आत जे बदल होतात, ते थर्मोकपलनं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीनं, टिपायचे आणि छायाचित्राच्या काचेवर उमटवायचे, अशी त्यांची रीत. अडचण अशी की एकाच थर्मोकपलवर हजार अंशांची मोठी चढण दिसते, तिच्यात एखाद्या अंशाची ठेच हरवून जाते. सह्याद्रीचा नकाशा काढताना वाटेतला दगड दाखवायचा, तसलं काम. उपाय निघाला तो असा: दोन थर्मोकपल घ्यायची. एक नमुन्यात, दुसरं शेजारी, ज्याच्यात काहीच घडत नाही अशा तुकड्यात. आणि दोघांमधला फरक तेवढाच टिपायचा. चढण दोघांना सारखीच, ती वजा झाली. उरली ती फक्त ठेच. 1899 च्या अहवालात रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी ही रीत मांडली. डीटीए नावाची पुढची सगळी शाखा तिथून निघाली, आणि डीएससी हा तिच्याच घरातला.

पाठ्यपुस्तक इथे थांबतं. पण त्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टॅन्सफिल्ड नावाचा एक सहायक होता, विशीतला. 1898 साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्याचा निबंध आला. त्याच नोंदक उपकरणात केलेल्या सुधारणा, त्यातल्या विजेच्या जोडण्या, बारीक फरक पकडण्याच्या खटपटी, सगळं त्यात आहे. निबंधाच्या मथळ्यातही उपकरणाला नाव साहेबांचंच. रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी श्रेय लाटलं, असं मी म्हणत नाही. त्या काळची रीतच तशी होती. स्टॅन्सफिल्ड पुढे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात धातुशास्त्राचे प्राध्यापक झाले, म्हणजे त्यांचं काही अडलं नाही. पण या सभागृहात औष्णिक विश्लेषणाची पदव्युत्तर परीक्षा दिलेली मंडळी आहेत. त्यांना विचारतो: रॉबर्ट्स-ऑस्टेन हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात दिसतायत. आणि स्टॅन्सफिल्ड?

एकच हात. तोही माझ्या विद्यार्थ्याचा.

तरुणांची दखल का घ्यायची याचं माझं कारण हे आहे. ज्येष्ठांचं नाव उपकरणाला लागलेलं असतं. तरुणाचा हात त्या उपकरणात असतो, आणि तो वेळीच नोंदवला नाही तर नंतर शोधूनही सापडत नाही.

हे शास्त्र मानणाऱ्यांना ही गोष्ट कळलेली नाही असं नाही. 1965 साली स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यातून जागतिक संघटना उभी राहिली. पुढे तिच्या नावात उष्मामापनाचीही भर पडली. ज्येष्ठांच्या सन्मानांबरोबर ती तरुण शास्त्रज्ञांसाठी वेगळा पुरस्कार देते. अमेरिकेतल्या कॅलरीमेट्री कॉन्फरन्सकडे तर एक पुरस्कार खास चाळिशीच्या आतल्यांसाठी आहे, आणि तो स्टिग सुनर यांच्या स्मरणार्थ आहे. सुनर हे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे. त्यांचं डॉक्टरेटचं काम 1949 सालचं, गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांच्या ज्वलनउष्म्यावरचं. ऐकायला रूक्ष वाटेल, पण त्यातली खोच सांगतो.

पदार्थ जाळून त्याची उष्णता मोजायची तर तो जाड पोलादी भांड्यात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये जाळतात. त्या भांड्याला बॉम्ब म्हणतात. पदार्थात गंधक असेल तर जळल्यावर सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि भिंतींवर थेंबाथेंबानं बसतं. कुठे दाट, कुठे पातळ. आता आम्लात पाणी मिसळताना स्वतंत्र उष्णता निघते, हे आपण शाळेत हात भाजून शिकलेलो आहोत. म्हणजे आतलं आम्ल नेमकं किती पातळ आहे हे ठाऊक नसेल तर मोजलेल्या उष्णतेचा अर्थच लागत नाही. मग करायचं काय? बॉम्ब स्थिर न ठेवता हलवायचा, फिरवायचा, म्हणजे आतलं आम्ल सगळीकडे सारखं होईल. या वाटेवर सुरुवातीला चाललेल्या मोजक्या लोकांत सुनर होते. प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न असा होता: माझ्या आकड्यात नेमकं काय काय मिसळलंय? त्याच माणसाच्या नावानं आज चाळिशीच्या आतल्यांचा सन्मान होतो, हे मला फार योग्य वाटतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तरुण म्हणजे पंचेचाळीस. हसू नका. भटनागर पुरस्काराची वयोमर्यादा पंचेचाळीस होती, आणि 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या विज्ञान युवा पुरस्काराचीही तीच आहे. तो सन्मान मोठा आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण एम.एस्सी. झालेली मुलगी चोविसाव्या वर्षी प्रयोगशाळेत येते, तिशीला फेलोशिप संपते, आणि नोकरीचा पत्ता नसतो. ज्या दोन-तीन वर्षांत तिला कोणीतरी “तू बरोबर करते आहेस” असं म्हणायला हवं, त्या वर्षांत हे पुरस्कार क्षितिजावरसुद्धा नसतात.

आपल्याकडे परंपरा नाही असं मात्र नाही. भारतीय औष्णिक विश्लेषण संस्था मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आधारानं वाढली. त्याच तुर्भ्याचं एक समीकरण आहे, धारवाडकर-कारखानावाला समीकरण. टीजीएच्या आलेखावरून विघटनाची सक्रियण ऊर्जा, म्हणजे विघटन होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, काढायची ती रीत दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, 1969 साली छापलेल्या वृत्तांतात आली. भारतातल्या कितीतरी बहुवारिकांच्या प्रबंधांत ती आजही वापरलेली सापडते. समीकरणाला दोन्ही नावं जोडून राहिली, कोणीही गळलं नाही, याचं मला विशेष वाटतं.

पण इथेच मला थोडं अप्रिय बोलायचं आहे. ते समीकरण एकाच आलेखावर चालतं. एक नमुना, एक तापवण्याची चाल, एक रेघ, आणि तिच्यातून सक्रियण ऊर्जा. 1969 मध्ये एकेका आलेखाला दिवस-दिवस जायचा, भट्टी निवायला रात्र जायची. तेव्हा एका रेघेतून जास्तीत जास्त काढून घेणं ही काटकसर होती, आणि हुशारीची काटकसर होती. त्याच सुमाराला टोकियोत ताकेओ ओझावा वेगळ्या वाटेनं गेले होते. चाली बदलून अनेक आलेख घ्यायचे आणि ते एकमेकांशी ताडून पाहायचे, ही त्यांची 1965 ची रीत. वॉशिंग्टनमध्ये किसिंजर यांनी 1957 मध्येच चालीगणिक डोंगराचं शिखर कसं सरकतं, त्यावरून गणित मांडलं होतं. आज जागतिक संघटनेच्या गतिकी समितीनं, 2011 च्या शिफारशींत, स्वच्छ सांगितलंय की एकाच चालीच्या आलेखावर विसंबू नका. तीन-चार चालींनी आलेख घ्या. का? कारण एकाच रेघेवर आपण मनातलं कुठलंही प्रारूप बसवू शकतो, आणि ती सगळी सारख्याच झोकात बसतात. आकडे मात्र वेगवेगळे येतात.

आणि तरीही आपले प्रबंध पाहा. एक चाल, एक रेघ, पाच समीकरणं, पाच आकडे, आणि खाली वाक्य: ‘निष्कर्ष परस्परांशी सुसंगत आहेत.’ कुठे सुसंगत? ज्या मुलानं चार चाली घेतल्या, प्रत्येक रन तीनदा घेतली, त्याचा एक निबंध होतो तेवढ्या वेळात शेजाऱ्याचे चार होतात. पुरस्काराच्या समितीत निबंध मोजतात. मग तुम्ही कोणाला शिक्षा केली?

आता मी माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे समित्यांना नावं ठेवून मोकळा झालो असं होणार नाही.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. औषधी संयुगावर काम करत होती. मुख्य डोंगराच्या थोडं आधी तिच्या आलेखात बारीक उंचवटा यायचा. तिनं मला दाखवला. मी चष्मा न लावता म्हणालो, “बेसलाइन हलली असेल. स्मूथ करून टाक आणि पुढे चल.” सरांच्या प्रयोगशाळेत वाढलेला मी. ती गप्प बसली आणि तिनं रिकामा पॅन चालवला. उंचवटा नाही. नवा नमुना घेतला. उंचवटा आहे. मिनिटाला पाच अंश, दहा अंश, वीस अंश. चालीबरोबर उंचवटा सरकत होता, म्हणजे तो यंत्राचा खेळ नव्हता. मग तिनं तापत्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक डोळ्यांनी बदलताना पाहिला. दुसरं रूप होतं. यात चार महिने गेले आणि तिची फेलोशिप संपली. त्या वर्षी एका परिषदेच्या तरुण संशोधक पुरस्कारासाठी मी नाव सुचवलं ते दुसऱ्या मुलाचं. त्याचे अकरा निबंध होते. चांगला मुलगा. त्याला पुरस्कार मिळाला. ती एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागली. उत्तम शिकवते म्हणतात. संशोधनाकडे पुन्हा आली नाही.

हे कोणाच्या व्यवस्थेवर ढकलायला मला जागा नाही. शिफारसपत्रावर सही माझी होती.

तेव्हापासून मी परीक्षक म्हणून कुठे बसलो की चार गोष्टी विचारतो. यंत्र कधी, कशावर जुळवलं, त्याची वही दाखवा. कच्चा विदा दाखवा, गुळगुळीत केलेला नको. एखादा निष्कर्ष तुम्ही स्वतः मागे घेतलाय का? आणि यंत्रावर हात कोणाचा होता? सहकारी मंडळी मला टाळतात. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा उमेदवार मात्र माझ्या लेखी निम्मी लढाई जिंकलेला असतो.

चौथ्या प्रश्नाची एक वेगळीच बाजू आहे, आणि तीच मला आज सर्वांत जास्त टोचते. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात डीएससी नसतो. तिथला संशोधक नमुना पुडीत बांधतो, कुरियरनं मुंबई-पुण्याच्या मध्यवर्ती सुविधेत पाठवतो, नमुन्यागणिक शुल्क भरतो आणि तीन आठवड्यांनी त्याच्या ईमेलवर आलेखाचं चित्र येतं. नुसतं चित्र. नमुना पॅनमध्ये कसा भरला, झाकण दाबलं होतं की भोक पाडलं होतं, नायट्रोजन चालू होता का, काहीही ठाऊक नाही. त्याला एकच रन परवडते. तो चार चाली कुठून घेणार? त्यानं यंत्र पाहिलेलंच नाही, तर त्याला उंचवटा कसा दिसणार? आणि दिसला, तरी तो विचारणार कोणाला? त्याला शाल-श्रीफळ देऊन काय होणार?

यंत्र बनवणाऱ्या कंपन्या या क्षेत्रात पुरस्कारांना पैसे देतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही, कोणीतरी द्यायलाच हवेत. फक्त त्यांनी चषकाऐवजी यंत्राचा वेळ द्यावा, असं मी त्यांच्या प्रतिनिधींना दरवेळी सांगतो. ते हसून कॅलेंडर देतात.

म्हणून या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांपुढे मी एक प्रस्ताव ठेवतो. सरांच्या नावानं दरवर्षी एका तिशीच्या आतल्या संशोधकाला पुरस्कार द्या. पदक नको, चांदीचं तर अजिबात नको. द्यायचे ते यंत्राचे शंभर तास. सोबत येण्याजाण्याचं आणि राहण्याचं भाडं. यंत्रावर बसायचं त्यानं स्वतः, तंत्रज्ञाच्या शेजारी. पहिला तास इंडियमचा. निवड करताना निबंध मोजायचे नाहीत, वही वाचायची. आणि निकालपत्रात तंत्रज्ञाचं नावही छापायचं.

माझं आजचं मानधन मी या कामासाठी कार्यवाहांकडे परत दिलेलं आहे. ते फारसं नाही, त्यांनाही ठाऊक आहे. पैशांपेक्षा मला तास हवे आहेत. या सभागृहात निदान सहा-सात जण असे बसलेत ज्यांच्या विभागात डीएससी किंवा टीजीए आहे आणि शनिवार-रविवारी तो झाकून ठेवलेला असतो. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तिच्यात आपलं नाव, यंत्राचं नाव आणि महिन्याला किती तास देता येतील तेवढं लिहून जा. दोन तास लिहिले तरी चालतील. पहिल्या पानावर मी माझ्या जुन्या विभागाचे आठ लिहिले आहेत. विभागप्रमुखांना अजून विचारलेलं नाही. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.